कोरी वही आणि 'आपण': तिसरी-चौथीच्या वर्गात धर्मांविषयी कसं शिकवायचं

काही वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका शाळेत तिसरीच्या वर्गाला मी सांगितलं, "आपापल्या घरच्या देवाचं चित्र काढा." वह्या गोळा केल्या तर तीन कोऱ्या. एका मुलीच्या घरी अल्लाहचं चित्र काढत नाहीत. एका मुलाच्या घरी बुद्धांना वंदन होतं, पण देव म्हणून नाही. तिसरा म्हणाला, "बाई, आमच्याकडे देवघर नाही. तिथे वॉशिंग मशीन आहे." वर्ग खो-खो हसला. त्यानंतर आठवडाभर त्या पोराने हात वर केला नाही.

चूक माझ्या प्रश्नाची होती, आणि तोच प्रश्न थोड्याफार फरकाने आजही अनेक वर्गांत विचारला जातो. 'सर्वधर्मसहिष्णुता' हे मूल्य म्हटलं की शाळा फेटा, जाळीची टोपी आणि क्रॉस घालून चार मुलं स्टेजवर उभी करते, फोटो काढते आणि विषय संपतो. खालचा क्रम सहा-सात आठवड्यांचा आहे, आठवड्याला पस्तीस मिनिटांची एक तासिका. क्रम मोडू नका. पाहुणा किंवा भेट आधी आणि भाषेची तयारी नंतर, असं केलंत तर मी सांगते ते सगळे घोटाळे होतील.

## १. रेघ कुठे आहे ते आधी पाहा

धर्म शिकवणं वेगळं, धर्मांविषयी शिकवणं वेगळं. संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण, म्हणजे एखाद्या धर्माचे संस्कार किंवा उपासना शिकवणं, चालत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित खासगी शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत बसवता येत नाही. लोक काय मानतात, कसं जगतात याची ओळख करून देण्याला मात्र आडकाठी नाही. २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला.

वर्गात त्याचा अर्थ इतकाच: नमाजात काय करतात हे सांगा, मुलांकडून करवून घेऊ नका. आरती म्हणजे काय हे सांगा, वर्गाला उभं करून म्हणायला लावू नका. मुख्याध्यापकांना हा फरक एका कागदावर लिहून द्या. पुढे कुणी तक्रार घेऊन आलं की तोच कागद उपयोगी पडतो.

तपासून पाहा: योजलेल्या प्रत्येक कृतीपुढे 'बघणे', 'ऐकणे', 'विचारणे' यांपैकी एक क्रियापद बसतं का? 'करणे' किंवा 'म्हणणे' बसत असेल तर ती कृती काढून टाका.

## २. स्वतःच्या तोंडातला 'आपण' पकडा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्यावा, आणि नेमका हाच टप्पा कुणी करत नाही.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत. 'आम्ही' म्हणणारा ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो, 'आपण' म्हणणारा त्याला आत ओढतो. शिक्षक दिवसभर 'आपण'च बोलतात: आपण बेरीज करू, आपण रांगेत जाऊ. त्याच लयीत वाक्य येतं, "भाद्रपदात आपण गणपती बसवतो." आणि लगेच पुढचं, "त्यांची ईद असते." पहिल्या वाक्यात वर्गातली काही मुलं न विचारता आत ओढली गेली, दुसऱ्यात तीच मुलं 'त्यांची' झाली. शिकवणाऱ्याला कळलंही नाही.

म्हणून तीन वाक्यरचना ठरवून घ्या. शिक्षकाने म्हणायचं, "काही घरांत…" किंवा "बरेच लोक मानतात की…" मुलाने स्वतःहून सांगितलं तर, "आमच्याकडे…" आणि 'आपण' राखून ठेवायचा तो खरोखर सगळ्यांच्या गोष्टींसाठी: आपला वर्ग, आपली बस, आपलं संविधान. परिपाठातली प्रास्ताविका 'आम्ही, भारताचे लोक' अशी सुरू होते. तिथला 'आम्ही' कुणाकुणाचा, हा प्रश्न चौथीला विचारून बघा, तास कुठे गेला कळणार नाही.

सवय मोडायला मी फोनवर स्वतःची एक तासिका रेकॉर्ड केली आणि घरी ऐकली. पस्तीस मिनिटांत चुकीच्या जागी नऊ वेळा 'आपण' निघाला. लाज वाटली, पण दुसऱ्या आठवड्यात तो दोनवर आला.

आणखी काही शब्द बदलावे लागतात. 'तुमचा देव कोणता?' हा प्रश्न बौद्ध घरात बसत नाही आणि जैन घरात जग निर्माण करणारा देव या अर्थाने बसत नाही. 'तुमच्या घरी कशाला महत्त्व देतात?' हा बसतो, नास्तिक घरातही. 'प्रार्थना' हा एकच शब्द सगळीकडे चिकटवू नका. वंदना, नमाज, अरदास, आरती हे ज्याचे त्याचे शब्द मुलांना सहज पेलतात.

इशारा: जनरल रजिस्टरमधली धर्म-जातीची नोंद वर्गात आणू नका. "तू मुसलमान आहेस ना, तू सांग रोजाबद्दल" या वाक्याने आठ वर्षांच्या पोराला एका अख्ख्या धर्माचा प्रवक्ता केलं जातं. त्याला रोजाबद्दल तुमच्याइतकंच ठाऊक असू शकतं.

## ३. पालकांना आधी कळवा, नंतर नाही

चिठ्ठी अर्ध्या पानाची पुरे. त्यात चार गोष्टी असू द्या: काय शिकवणार, काय करवून घेणार नाही, कुठे नेणार, आणि शंका असल्यास कुणाला कधी भेटायचं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ती वाचून दाखवा, मग घरोघर पाठवा. माझ्या चिठ्ठीतली दोन वाक्यं देते, हवी तर उचला: "या तासिकांत कोणत्याही धर्माची उपासना मुलांकडून करवून घेतली जाणार नाही. मुलाने घरी येऊन प्रश्न विचारले तर आपल्या घरची पद्धत त्याला जरूर सांगावी."

दुसऱ्या वाक्याने निम्मी भांडणं मिटतात. पालकांना भीती असते ती शाळा आपल्या घरच्या शिकवणीवर बोळा फिरवेल याची.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर ही चर्चा उघडू नका. चिठ्ठी कागदावर, बोलणं समोरासमोर.

## ४. धर्म नको, वस्तू घ्या

'या आठवड्यात हिंदू, पुढच्या आठवड्यात इस्लाम' ही मांडणी सोपी वाटते आणि नेमकी तीच फसते. प्रत्येक धर्माची एक पेटी होते, पेटीत संस्थापक, ग्रंथ, सण, आणि मुलं पाठांतर करून मोकळी. त्याऐवजी एक वस्तू किंवा एक कृती घ्या आणि वेगवेगळ्या घरांत ती कशी दिसते ते पाहा.

दिवा. टेबलावर एक पणती ठेवा, पेटवू नका. कुठे कुठे दिवा लागतो? संध्याकाळी देवापुढे. विहारात बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती. चर्चमध्ये मेणबत्ती. ज्यू घरात शुक्रवारी सूर्यास्ताआधी शब्बाथचा, म्हणजे आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाचा दिवा. अग्यारीत, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरात, तर अग्नी अखंड जागता ठेवतात. आणि नमाजात? नमाजात दिव्याला काही स्थान नाही. तो रकाना रिकामा राहू द्या. बरोबरी साधायच्या हट्टापायी प्रत्येक रकान्यात काहीतरी कोंबणं ही शिक्षकांची लाडकी चूक आहे. 'इथे नाही' हेही उत्तर असतं.

उपास. यात मजा येते, कारण मुलांचा ठाम समज असतो की उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी. एकीने मला गंभीरपणे विचारलं होतं, "रोज्याला वऱ्याचे तांदूळ चालतात का?" फळ्यावर चार ओळी काढा. एकादशीला धान्य नाही, पण साबुदाणा, वरई, रताळी चालतात. रमजानच्या रोजात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाण्याचा घोटही नाही, आणि लहान मुलांवर तो बंधनकारक नाही. जैन उपवासात फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्तापूर्वी. ज्यूंचा योम किप्पूर सुमारे पंचवीस तासांचा, अन्नपाण्याविना. मग विचारा, लोक मुद्दाम उपाशी का राहत असतील? उत्तरं येतील तशी लिहा, त्यातलं बरोबर-चूक ठरवू नका. इथे कुणीतरी "आम्ही उपास करत नाही" म्हणेलच. तेही फळ्यावर लिहा, त्याच आकाराच्या अक्षरांत.

कॅलेंडर. चौथीसाठी ही माझी आवडती तासिका, आणि अर्धी गणिताची आहे. मुलांना या तारखा द्या. रमजान ईद: २२ एप्रिल २०२३, ११ एप्रिल २०२४, ३१ मार्च २०२५. लक्ष्मीपूजन: १२ नोव्हेंबर २०२३, १ नोव्हेंबर २०२४, २१ ऑक्टोबर २०२५. नाताळ तीनही वर्षी २५ डिसेंबर. वजाबाकी करू द्या. दोन्ही सण दर वर्षी अकरा दिवस मागे आले! मुलं डोळे मोठे करतात. चंद्राचे बारा महिने मिळून साधारण ३५४ दिवस भरतात, सूर्याचं वर्ष ३६५चं, त्यातून हे अकरा दिवस येतात. आता पुढची तारीख द्या: २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. ते मागे जायचं सोडून पुढे कसं आलं? २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे पंचांगात एक महिना जास्तीचा घातला आहे. हिजरी, म्हणजे इस्लामी कालगणनेत अधिक महिना घालत नाहीत, म्हणून ईद उन्हाळ्यातही येते, पावसाळ्यातही आणि थंडीतही. ज्यूंच्या कालगणनेतही अधिकाचा महिना असतो. या तासाला एकाही मुलाला स्वतःविषयी काही सांगावं लागत नाही, म्हणून बुजऱ्या वर्गात या तीन तासिकांपैकी हीच आधी घ्या.

तपासून पाहा: या तीन तासिकांनंतर मुलांच्या बोलण्यात "काही घरांत" आपोआप येतंय का? येत नसेल तर एक आठवडा थांबा. पाहुणा बोलावू नका.

## ५. पाहुणा बोलावताना

पाहुणा म्हणजे धर्मगुरूच असा नियम नाही. उलट साधी माणसं बरी: बँकेतून निवृत्त झालेली आजी, शाळेजवळचा दुकानदार, कुणाची तरी मावशी. त्यांना तीन सूचना आधीच द्या, शक्यतो लिहून. "माझ्या घरी" असं बोला. मुलांकडून काही म्हणवून घेऊ नका. दुसऱ्या धर्माशी तुलना नको.

दुसरी सूचना मी एकदा द्यायची विसरले. पाहुणे मोठे प्रेमळ होते. पाचव्या मिनिटाला त्यांनी अख्ख्या वर्गाला डोळे मिटायला लावले आणि आपल्या पंथाचा मंत्र म्हणवून घ्यायला लागले. मला मध्येच उठून "मुलांनो, डोळे उघडा, आता प्रश्न विचारायचेत" म्हणावं लागलं. पाहुणे दुखावले. दुसऱ्या दिवशी दोन पालक दारात.

उलट छान झालेली भेट म्हणजे एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या आजींची. या समाजाची घरची भाषा मराठी, आडनावं पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडलेली. मुलांना त्या 'परदेशी' वाटतील अशी माझी समजूत होती. आजींनी स्टीलच्या डब्यातून मलिदा काढला: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळांच्या फोडी. एलियाहू हनवी या प्रेषितांची आठवण म्हणून आमच्याकडे हा करतात, म्हणाल्या. मागच्या बाकावरून आवाज आला, "हे तर आमच्या गावच्या गोड पोह्यांसारखं!" आजी म्हणाल्या, "मग? पोहे काय वेगळे असणार? कोकणातलेच ना आपण." तो 'आपण' मी खोडला नाही.

खाऊ वाटायचा असेल तर पालकांची लेखी परवानगी घ्या, सुक्यामेव्याची अॅलर्जी विचारा, आणि "नको, थँक्यू" म्हणायची मुलांकडून तालीम करून घ्या. नकार देता येणं हा याच धड्याचा भाग आहे.

प्रश्न आदल्या दिवशी चिठ्ठ्यांवर घ्या, नावाशिवाय. एका डब्यात टाका. तुम्ही वाचून निवडा. ऐन वेळी हात वर करून विचारलेला "तुम्ही गोमांस खाता का?" असा प्रश्न मग पाहुण्याच्या अंगावर येत नाही. तो चिठ्ठीत असतो आणि त्याला उत्तर कसं द्यायचं हे तुम्ही रात्री ठरवलेलं असतं.

## ६. भेट: टेंभी नाका किंवा तुमच्याजवळचं ठिकाण

ठाण्यातल्या शाळांना लांब जायची गरजच नाही. टेंभी नाक्याच्या परिसरात चालत चालत १८७९ चं शार हशामाईम सिनेगॉग (ज्यूंचं उपासनास्थळ), जैन मंदिर आणि अग्यारी लागते. मासुंदा तलावाकाठी कोपिनेश्वर, मखमली तलावाजवळ सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च. एका सकाळी सगळं उरकायचा मोह होतो. दोनच ठिकाणं घ्या. नवी मुंबईत असाल तर वाशी किंवा नेरूळचा गुरुद्वारा घ्या, आणि ऐरोलीचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक, जिथे विचारांतून घडलेल्या जीवनदृष्टीबद्दल बोलता येतं.

दोन ठिकाणं निवडताना एक लक्षात ठेवा. येऊरच्या पाड्यांवर वाघोबाला मानणारी वारली घरं आहेत, कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात. 'मोठ्या धर्मां'च्या यादीत हे येत नाही म्हणून वगळू नका. त्या मुलांपैकी दोन-तीन तुमच्याच वर्गात असतात.

परवानगी किमान पंधरा दिवस आधी, लेखी. त्या वेळी हे विचारून घ्या:

सिनेगॉगमध्ये शनिवार टाळा, तो शब्बाथ. डोकं झाकावं लागतं, फोटोंबद्दल आधी विचारा आणि शिक्षकांनी ओळखपत्रं बरोबर ठेवा. मशिदीत शुक्रवारची दुपार टाळा. गुरुद्वारात डोक्यावर रुमाल, चपला बाहेर, आणि तंबाखू, गुटखा, सिगारेट खिशातसुद्धा नको. हे बसच्या ड्रायव्हरकाकांना आदल्या दिवशीच सांगा, मी दारात सांगितलं होतं आणि काका संतापले होते. जैन मंदिरात चामड्याचे पट्टे-पाकिटं चालत नाहीत, तेव्हा गणवेशाचा पट्टा कशाचा आहे ते बघून ठेवा. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो, म्हणून ती बाहेरूनच बघायची. "आत का नाही?" हा प्रश्न येईल. "हे त्यांनी आपल्या उपासनेसाठी राखून ठेवलंय" एवढं उत्तर पुरतं. मुलांना 'खासगी' ही कल्पना मोठ्यांपेक्षा लवकर कळते.

इशारा: हात जोडायचे, डोकं टेकवायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. शिक्षकांनीही. तुम्ही नकळत हात जोडलेत की मागची तीस मुलं जोडतात. सगळ्यांना जमेल अशी एकच शिस्त ठेवा: शांत उभं राहायचं.

परत आल्यावर निबंध नको. प्रत्येकाने एक 'दिसलं', एक 'ऐकू आलं' आणि एक 'कळलं नाही' लिहायचं. तिसऱ्यात खरं काय ते येतं.

## ७. अवघड प्रश्नांची उत्तरं आधी तयार ठेवा

"बाई, देव खरंच असतो का?" हा येणारच. माझं उत्तर: "काही जण मानतात असतो, काही मानतात नसतो, काहींचं अजून ठरत नाही. तुझ्या घरी काय म्हणतात ते विचार, आणि तुला काय वाटतं तेही बघ." लगेच पुढचा: "तुम्ही मानता का?" त्यावर मी सांगते, "वर्गात नाही सांगत. मी सांगितलं तर तुम्ही सगळे तेच लिहाल." हसतात, पण पटतं.

मात्र सगळंच 'ज्याचं त्याचं' नसतं. ग्रहणात अन्न विषारी होतं का, हा पडताळता येणारा दावा आहे. तिथे शास्त्र स्वच्छ सांगा. अनुच्छेद ५१ क मधल्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोनही आहे, आणि शाळेत शिकवल्या जाणाऱ्या दशमूल्यांतही. 'काही लोक ग्रहणात जेवत नाहीत' हे प्रथेबद्दलचं वाक्य, 'अन्न विषारी होतं' हे वस्तुस्थितीबद्दलचं. चौथीची मुलं ही दोन वाक्यं वेगळी काढू शकतात. एखाद्या मुलाच्या बोलण्यात भगत, मारहाण, चटके असं काही आलं तर ती चर्चा तिथेच थांबवा, मुलाशी एकटं बोला आणि मुख्याध्यापकांना सांगा. ते विविधतेत मोडत नाही. त्यासाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

आणि मधली सुट्टी. धर्माबद्दलची खरी भांडणं तासाला होत नाहीत, डबा उघडल्यावर होतात. सुकटीचा वास आला की कुणीतरी नाक धरतं. तिथे भाषण नको. "त्याच्या डब्यावर तो बोलेल, तुझ्या डब्यावर तू" हा एक नियम पहिल्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि वर्षभर पुसू नका. शिक्षकखोलीतही लागू करा. तिथे त्याची गरज जास्त आहे.

## ८. काय तपासायचं

'पाच सणांची नावं लिहा' हा प्रश्न पाठांतर तपासतो. वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनासाठी नोंदवहीत तीन गोष्टी टिपा: मूल 'काही लोक' आणि 'सगळे' यांत फरक करतं का, न पटणाऱ्या गोष्टीबद्दल प्रश्न विचारतं का, आणि आपल्या घरची गोष्ट न लाजता सांगतं किंवा सांगायला नकार देतं का. नकार दिला म्हणून गुण कापू नका. कुणाच्या श्रद्धेला, श्रद्धा नसण्याला किंवा अज्ञानाला गुण नसतातच.

उरलेल्या चिठ्ठ्यांचा डबा फेकू नका. उत्तर देता न आलेल्या चिठ्ठ्यांवर तारीख घालून तो पुढच्या वर्गशिक्षकांकडे द्या. माझ्याकडून गेल्या एप्रिलमध्ये गेलेल्या डब्यात सात होत्या. सगळ्यात वर ठेवलेली, पेन्सिलने लिहिलेली, दोनदा खोडलेली: "झुरळाला मारलं तर कोणाच्या धर्मात पाप लागतं आणि कोणाच्या नाही?"